लांबलचक पाककृतीच्या बाजूने

2009 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जवळपास पन्नास वर्षं जुनं, सातशेहून अधिक पानांचं एक पाकपुस्तक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. निमित्त होतं 'ज्युली अँड ज्युलिया' या चित्रपटाचं. मेरिल स्ट्रीपने त्यात ज्युलिया चाइल्ड यांची भूमिका केली होती, आणि प्रेक्षक चित्रपटगृहातून थेट पुस्तकांच्या दुकानात जात होते. पुस्तकाचं नाव 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग'. त्याच महिन्यात खाद्यलेखिका रेजिना श्रॅम्ब्लिंग यांनी 'स्लेट' या नियतकालिकातून वाचकांना बजावलं: हे पुस्तक विकत घेऊ नका, तुम्ही त्यातून कधीच स्वयंपाक करणार नाही. पाककृती लांबलचक आहेत, किचकट आहेत, आजच्या घरात त्यांचा निभाव लागणार नाही, असा त्यांचा रोख होता.

हा आक्षेप एकटा नाही. त्याच्या आगेमागे आणखी तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, आता सगळं व्हिडिओवर दिसतं, तेव्हा एवढं वाचत कोण बसणार? दुसरा म्हणजे, हे पुस्तक फ्रेंच स्वयंपाकाचं असलं तरी ते एका अमेरिकन बाईंनी लिहिलं, त्यामुळे ते अस्सल नाही. तिसरा म्हणजे, लोणी, क्रीम आणि मोकळा वेळ यांची रेलचेल असलेल्या घरासाठी ते लिहिलं आहे. बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही.

चारही आक्षेपांत थोडंफार तथ्य आहे. पण त्या सगळ्यांतून मिळून काढला जाणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो खोडून काढायला हवा. कारण हे आक्षेप मान्य केले तर त्याची किंमत या एका पुस्तकापुरती राहत नाही. घरी स्वयंपाक शिकू पाहणाऱ्या माणसाला नक्की काय शिकवायचं, हा प्रश्नच त्यातून निकालात निघतो.

आधी हे पुस्तक कसं झालं ते पाहू. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच स्त्रिया अमेरिकन गृहिणींसाठी फ्रेंच पाककृतींचा संग्रह करत होत्या. त्यांना अमेरिकन भागीदार हवी होती. ज्युलिया चाइल्ड 1948 साली नवऱ्याच्या नोकरीनिमित्त पॅरिसला आल्या, पुढच्या वर्षी त्यांनी 'ल कॉर्दों ब्लू' या पाकशाळेत नाव घातलं आणि युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या तुकडीत बसून त्या शेफ माक्स ब्यून्यार यांच्या हाताखाली शिकल्या. शेवटच्या परीक्षेत त्या पहिल्या खेपेला नापास झाल्या, कारण शाळेच्या पुस्तिकेतल्या साध्या पदार्थांची प्रमाणं त्यांना पाठ नव्हती. 1952 पासून या तिघींनी पॅरिसमध्ये स्वतःचा छोटा स्वयंपाकवर्ग चालवला. पुस्तकाचं काम त्यानंतर जवळपास दहा वर्षं चाललं. चाइल्ड यांच्या नवऱ्याची बदली मार्सेयला झाली, मग जर्मनीत, मग वॉशिंग्टनला, मग ऑस्लोला. स्वयंपाकघरं बदलत गेली आणि कागदांचे गठ्ठे टपालाने समुद्रापलीकडे जात-येत राहिले.

लांबीवरचा आक्षेप पुस्तक छापलं जाण्याआधीच घेतला गेला होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. बोस्टनच्या हॉटन मिफ्लिन या प्रकाशन संस्थेने करार केला होता. 1958 मध्ये त्यांच्या हाती आलेलं हस्तलिखित शेकडो पानांचं होतं आणि तरीही त्यात सगळं फ्रेंच जेवण आलेलं नव्हतं. ते परत आलं. सुधारून पाठवलेलंही परत आलं. एवढं अवजड पुस्तक अमेरिकन गृहिणी घेणार नाही, असा प्रकाशकाचा अंदाज होता. शेवटी हस्तलिखित क्नॉफ प्रकाशनात ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेच्या हाती पडलं. पॅरिसमध्ये काम करत असताना नाकारलेल्या पुस्तकांच्या ढिगातून ॲन फ्रँकची डायरी उचलून ती छापायचा आग्रह धरणाऱ्या त्या याच. जोन्सबाईंनी वाचून थांबण्याऐवजी हस्तलिखितावरून घरी स्वयंपाक केला, आणि मग पुस्तक घ्यायला लावलं. ऑक्टोबर 1961 मध्ये ते दहा डॉलर किमतीला बाजारात आलं.

तेव्हाचा अमेरिकन बाजार कसा होता? गोठवलेलं तयार ताट टीव्हीसमोर बसून खायची सोय झाली होती. पॉपी कॅनन यांचं डबाबंद अन्नावर आधारलेलं पाकपुस्तक येऊन दशक होत आलं होतं. पेग ब्रॅकन यांचं 'द आय हेट टु कुक बुक' 1960 साली निघालं आणि धडाक्याने खपलं. स्वयंपाक ही एक कटकट आहे, ती जितकी लवकर उरकेल तितकं बरं, हा सूर सगळीकडे होता, आणि तो सूर लावून धरण्यात अन्नउद्योगाचा फायदा होता. अशा वेळी या तिघींनी उलट दिशेने पाऊल टाकलं.

आता पहिला आक्षेप: लांबी. 'बफ बूर्गिन्यों' म्हणजे लाल वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस. या पुस्तकातली ती सर्वांत गाजलेली पाककृती आणि टीकाकारांचं सर्वांत आवडतं उदाहरण. मुख्य कृतीखेरीज छोटे कांदे आणि मशरूम वेगळे शिजवायला दुसऱ्या पानांवर जावं लागतं, हेही खरं. पण ती वाक्यं काय काम करतात ते जवळून पाहिल्याशिवाय त्यांना फापटपसारा म्हणणं अन्यायाचं आहे.

सुरुवातीला बेकनचा तुकडा साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळायला सांगितलं आहे. उगाच नाही. फ्रान्समध्ये या पदार्थात धूर न दिलेलं खारवलेलं डुकराचं मांस पडतं. अमेरिकन बेकनला धुराचा वास असतो आणि तो तसाच टाकला तर तीन तासांनी सगळ्या रश्शाला धुराची चव येते. पुढे मांसाचे तुकडे कागदी रुमालाने टिपून कोरडे करायला सांगितलं आहे आणि लगेच कारण दिलं आहे: ओलं मांस खरपूस होत नाही. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि मांसाला रंग नि खमंगपणा येतो तो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. मग तुकडे एका वेळी थोडेच टाकायला सांगितलं आहे. सगळे एकदम टाकले तर भांडं थंड पडतं, मांसाला पाणी सुटतं आणि ते परतलं जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतं. त्यानंतर तुकड्यांवर मैदा भुरभुरून भांडं कडक तापलेल्या ओव्हनमध्ये चार मिनिटं, मग हलवून पुन्हा चार मिनिटं ठेवायचं. त्यामुळे मैद्याचा कच्चेपणा जातो, तुकड्यांवर हलका थर चढतो आणि रस्सा पुढे आपोआप दाट होतो. मगच वाइन, गोमांसाचा स्टॉक, थोडी टोमॅटो पेस्ट, आणि मंद ओव्हनमध्ये अडीच ते तीन तास.

छोटी पाककृती याच सगळ्याला एका वाक्यात गुंडाळते: मांस खरपूस परतून वाइनमध्ये शिजवा. ज्याला येतं त्याला हे वाक्य पुरतं. ज्याला येत नाही त्याचं मांस करडं, चिवट आणि रस्सा पाणचट होतो, आणि कुठे बिघडलं ते त्याला कळतही नाही. तो स्वतःच्या हाताला दोष देतो आणि पुढच्या वेळी तयार डबा आणतो. लांब पाककृती त्याचा वेळ खाते ही तक्रार म्हणून उलटी आहे. पहिल्यांदा वाचायला दहा मिनिटं जास्त लागतात. पण ती दहा मिनिटं तीन तासांची मेहनत आणि एक किलो मांस वाचवतात.

मशरूमचंही तसंच. पुस्तक सांगतं की मशरूम कोरडे हवेत, लोणी चांगलं तापलेलं हवं, त्याचा फेस खाली बसायला लागला की ते टाकायचे, आणि भांड्यात गर्दी करायची नाही. त्यापुढचं वाक्य तर नवख्यासाठी सोन्याचं आहे: मशरूम आधी सगळी चरबी पिऊन घेतील, मग दोनतीन मिनिटांत ती पुन्हा वर दिसू लागेल आणि त्यानंतर रंग चढेल. भांडं कोरडं पडलेलं पाहून नवखा माणूस नेमका याच क्षणी घाबरतो आणि आणखी लोणी ओततो. त्या क्षणी त्याचा हात धरणारं वाक्य पुस्तकात आहे. श्रॅम्ब्लिंगबाईंसारख्या मुरलेल्या हाताला ते अनावश्यक वाटणं स्वाभाविक आहे, पण पुस्तक त्या हातासाठी लिहिलेलंच नाही.

आणि सगळं पुस्तक लांब आहे हेही खरं नाही. पहिलीच पाककृती आहे 'पोताज पार्मांतिए', बटाटा आणि लीकचं सूप. लीक मिळालं नाही तर कांदा चालेल, असं पुस्तकच सांगतं. बटाटे, लीक, पाणी, मीठ. चाळीस-पन्नास मिनिटं शिजवायचं, घोटायचं, शेवटी थोडं लोणी किंवा क्रीम. एवढंच. लगेच खाली त्याचे प्रकार येतात: हीच कृती, त्यात वॉटरक्रेसची पानं घातली की दुसरं सूप, क्रीम वाढवून थंड केलं की 'विशिस्वाझ' हे तिसरं. पुस्तकाची सगळी बांधणी अशीच आहे. आधी एक मूळ कृती सविस्तर, मग तिची लेकरं दोनचार ओळींत. पांढऱ्या सॉसच्या विभागात मैद्याचं प्रमाण सरळ मांडून दिलं आहे: एक कप द्रवाला एक टेबलस्पून मैदा घातला तर पातळ सॉस, दीड घातला तर मध्यम, दोन घातले तर दाट, तीन घातले तर सूफ्लेचा पाया. या चार आकड्यांवर दहा-वीस पदार्थ उभे राहतात. ज्याने ते एकदा हाताने करून पाहिलं त्याला पुढच्या पानांची गरज कमीकमी होत जाते. पाकपुस्तकाची लांबी मोजायची तर अशी मोजायला हवी.

जिथे सोपा मार्ग खरंच चालतो तिथे तो सांगायलाही या लेखिका कचरल्या नाहीत. अंड्याच्या बलकात लोणी घोटून केलेला 'हॉलंदेझ' सॉस हाताने कसा करायचा ते सविस्तर आहे. पण इलेक्ट्रिक ब्लेंडरमध्येही तो होतो आणि तसा तो आठ वर्षांच्या मुलालाही जमेल, असं 1961 च्या पुस्तकातच लिहिलं आहे. म्हणजे कष्टासाठी कष्ट हा त्यांचा बाणा नव्हता.

दुसरा आक्षेप व्हिडिओचा, आणि तो आज सर्वांत बोलका आहे. हालचाल शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, हे कोणीही मान्य करेल. ज्युलिया चाइल्ड यांनाही ते मान्य होतं. फेब्रुवारी 1963 मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर त्यांचा 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला आणि पहिल्याच भागात त्यांनी बफ बूर्गिन्यों करून दाखवलं. त्यामुळे पुस्तक विरुद्ध पडदा असा सामना लावायचा असेल तर तो निदान त्यांच्या नावाने लावू नये. त्यांनी दोन्ही केलं आणि दोन्हीकडून वेगळी कामं करून घेतली.

तो फरक 'मेयोनेझ'मध्ये स्पष्ट दिसतो. आजच्या व्हिडिओत बलक, तेल, घोटणं आणि चमकणारा पांढरा गोळा हे सगळं मिनिटभरात उरकतं. पाहणाऱ्याला यश कसं दिसतं ते कळतं. पुस्तकात मात्र तेल घालण्याआधीच एक महत्त्वाची गोष्ट येते: बलक आणि भांडं थंड नकोत, आणि तेल घालण्यापूर्वी बलक एखाददोन मिनिटं घोटून चिकट, दाट करून घ्यायचे. मग तेल थेंब थेंब, सॉस दाट व्हायला लागेपर्यंत. मग मर्यादा: एका बलकात पाऊण कपापेक्षा जास्त तेल मावत नाही, त्यापुढे गेलात की सॉस पातळ होईल किंवा फुटेल. आणि फुटलाच तर? तेही लिहिलं आहे. ऊन भांड्यात एक चमचा मोहरीची पेस्ट आणि फुटलेल्या सॉसचा एक टेबलस्पून घेऊन घोटायचं, ते जमून आलं की उरलेला सॉस चमचा चमचा करून त्यात परत आणायचा. बहुतेक व्हिडिओंत हा भाग नसतो, कारण तिथे सॉस कधी फुटतच नाही; फुटला तर ते चित्रण कापून टाकलेलं असतं.

चाइल्ड यांनी पडद्यावरही ते कापलं नाही, हे त्यांचं मोठेपण. 1963 च्याच एका भागात बटाट्याचा पसरट पोळा उलटताना तो भांड्याबाहेर पडला. त्यांनी तो गोळा करून पुन्हा आत दाबला आणि धीराने उलटला नाही म्हणून असं झालं, हे प्रेक्षकांना सांगितलं. पुस्तकातल्या ऑम्लेटच्या पानांवरही हाच स्वभाव आहे. फ्रेंच ऑम्लेट अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतं. तेवढ्या वेळात विचार करायला सवड नसते, हात आधी तयार असावा लागतो. म्हणून पुस्तक सुचवतं की पॅनला झटका देण्याची हालचाल आधी घराबाहेर जाऊन अर्धा कप कोरड्या घेवड्याच्या दाण्यांवर शिकून घ्यावी. दाणे अंगणात सांडले तर बिघडत नाही. शिवाय लागोपाठ काही दिवस एकामागून एक ऑम्लेटं करा, काही फेकून द्यायची तयारी ठेवा, असंही सांगितलं आहे. शिकणाऱ्याला बिघडवण्याची परवानगी देणारं पाकपुस्तक किती दुर्मीळ असतं! व्हिडिओ पाहून मनगटाची हालचाल कळेल, ती मनगटात उतरवायची कशी हे दाण्यांचा सराव सांगतो.

तिसरा आक्षेप अस्सलपणाचा. 1977 साली जॉन आणि कॅरन हेस या दांपत्याने 'द टेस्ट ऑफ अमेरिका' या पुस्तकात त्या काळच्या नामांकित खाद्यलेखकांवर कडाडून टीका केली, आणि चाइल्ड यांनाही त्यातून सोडलं नाही. हेस दांपत्याचा मूळ मुद्दा गंभीर होता: अमेरिकेची स्वतःची चांगली अन्नपरंपरा उद्योगांनी आणि फॅशनने बुडवली. त्याच्याशी वाद नाही. पण चाइल्ड यांच्या पुस्तकाला त्याच मापाने मोजणं चुकलं.

हे पुस्तक तिघींचं आहे, आणि त्यातल्या दोघी फ्रान्समध्ये वाढलेल्या होत्या, हे टीकाकार सोयीने विसरतात. सिमोन बेक नसत्या तर पुस्तकात घरगुती फ्रेंच हात आलाच नसता. पण तिसरी बाहेरून आलेली होती, म्हणूनच पुस्तक शिकवू शकलं. एस्कोफिए यांचा 1903 चा ग्रंथ फ्रेंच स्वयंपाकाचा आधारस्तंभ मानला जातो; त्यात हजारो पदार्थ आहेत आणि पुष्कळांना जेमतेम काही ओळी मिळाल्या आहेत. तो ग्रंथ हॉटेलच्या भटारखान्यात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसासाठी होता. मध्यम आच म्हणजे किती, मैदा लोण्यात किती वेळ परतायचा, हे त्याला विचारावं लागत नव्हतं. छत्तीसाव्या वर्षी पॅरिसला आलेल्या, तोवर स्वयंपाकाचा फारसा सराव नसलेल्या चाइल्ड यांना मात्र हे सगळं विचारावं लागलं. त्यांनी विचारलं, करून पाहिलं, बिघडवलं, आणि उत्तरं लिहून ठेवली.

अस्सलपणाच्या नावाखाली अमेरिकन मैदा फ्रेंच मैद्यासारखाच वागतो असं गृहीत धरलं असतं तर पुस्तक अस्सल दिसलं असतं आणि निरुपयोगी ठरलं असतं. 1970 साली आलेल्या दुसऱ्या खंडातल्या पावाची गोष्ट याला साक्ष आहे. ज्युडिथ जोन्स यांनी आग्रह धरला की फ्रेंच पावाची कृती हवीच. फ्रान्समध्ये पाव कोणी घरी करत नाही. तो बेकरीतून येतो. त्यामुळे घरच्या ओव्हनमध्ये, अमेरिकन मैद्यातून तो कसा काढायचा हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. ज्युलिया आणि त्यांचे पती पॉल यांनी मिळून दोन वर्षांत सुमारे 284 पौंड मैदा संपवला. मग पॅरिसला जाऊन रेमाँ काल्व्हेल या पावतज्ज्ञांकडून पीठ हाताळायची, गोळे वळायची रीत शिकून आले. बेकरीच्या भट्टीतली वाफ घरच्या ओव्हनमध्ये आणायची म्हणून तापवून लाल केलेली वीट पाण्याच्या तव्यात सोडायची युक्ती त्यांनी बसवली. हे सगळं जवळपास वीस पानांत आलं. परंपरेबद्दल याहून जास्त आदर कसा दाखवायचा?

चौथा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे आणि त्याला आदराने उत्तर द्यायला हवं. हे पुस्तक घरी नोकर नसलेल्या, पण खर्च, वजन, वेळ आणि मुलांच्या जेवणाची चिंता अधूनमधून बाजूला ठेवू शकणाऱ्या माणसासाठी आहे, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे. ही मुभा सगळ्यांना नव्हती आणि आजही नाही. बाईच्या पदरी आधीच दिवसभराचा स्वयंपाक पडलेला असताना तिला आणखी तीन पानांची कृती हातात देणं हा कोणता न्याय, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. पेग ब्रॅकन यांचं पुस्तक तडाखेबंद खपलं ते याच थकव्यामुळे, आणि त्या थकव्याला कमी लेखायचं कारण नाही.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष तपासला पाहिजे. घरात स्वयंपाक कोणी करायचा, हा वाटणीचा प्रश्न आहे, आणि पाककृती छोटी केल्याने तो सुटत नाही. राबणारी व्यक्ती तीच राहते, फक्त तिच्या हातचं जेवण बेचव होतं. पॅरिसच्या ज्या वर्गात चाइल्ड शिकल्या तिथे त्यांचे सहाध्यायी माजी सैनिक होते. पावाच्या पिठात हात घालायला नवरा सोबत होता. तंत्र लिहिलेलं असलं की ते कोणालाही उचलता येतं. 'आईला विचार' एवढंच उत्तर असलं की काम आईकडेच राहतं.

लोणी आणि क्रीमचं म्हणाल तर पदार्थ आणि तंत्र वेगळं करता येतं. हिरव्या फरसबीचंच घ्या. पुस्तक सांगतं की साधारण सव्वा किलो शेंगांना सात-आठ लिटर खळखळ उकळतं, मीठ घातलेलं पाणी घ्या, झाकण ठेवू नका आणि शेंगा शिजल्या-न शिजल्याशा झाल्या की लगेच थंड पाण्यात काढा. भरपूर पाणी कशासाठी? शेंगा टाकल्यावर उकळी मोडू नये, मोडलीच तर झटकन परत यावी म्हणून. झाकण ठेवलं आणि शेंगा बराच वेळ शिजत राहिल्या की रंग मरतो. थंड पाण्यामुळे शिजणं तिथेच थांबतं. यात लोण्याचा थेंबही नाही. हे एकदा कळलं की फोडणीच्या फरसबीपासून सॅलडपर्यंत ते कुठेही चालतं, आणि त्याला लागतं फक्त पाणी, मीठ आणि मोठं भांडं.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटायचं कारण नाही. 'मास्टरिंग'चा दुसरा खंड निघाला त्याच वर्षी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. दोन पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण गरज एकच होती: शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस घरात नाही, तेव्हा पुस्तकाने ते काम करायचं. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप धरलं, कारण ते प्रत्येक घरात होतं. नव्याने संसार मांडणाऱ्यांनी आणि परदेशी निघालेल्या मुलामुलींनी ते पुस्तक बरोबर नेलं. आज त्याच घरांत 'यूट्यूबवर सगळं आहे' हे वाक्य ऐकू येतं, आणि तरी मोदक फाटतात. 'उकड काढावी' असं दोन शब्दांत लिहून भागत नाही. पाण्याला उकळी आल्यावर पीठ घालून झाकण किती वेळ ठेवायचं, उकड गरम असतानाच का मळायची, कोरडी पडली तर पाण्याचा हात किती लावायचा, पाकळ्या मोडल्या तर दोष पिठाचा की मळण्याचा, हे कोणीतरी कारणासकट लिहायला हवं. लाडवाचा पाक एकतारी झाला की नाही हे बोटांत तार धरून पाहतात. पण तार तुटली तर काय आणि पाक पुढे गेला तर तो परत कसा आणायचा, हे लिहिलेलं हवं. मराठी पाकपुस्तकांना लांब होण्याची भीती वाटू नये, एवढ्यासाठी तरी 'मास्टरिंग'ची बाजू मराठीत मांडण्याजोगी आहे.

जुनं पुस्तक जसंच्या तसं पूजेला लावा, असा याचा अर्थ नाही. पावाच्या त्याच कृतीत ओव्हनचा तळ तापता ठेवायला ॲस्बेस्टॉसची फरशी सुचवली होती. ॲस्बेस्टॉसचा धोका पुढे आल्यावर तिच्या जागी साधी लाल फरशी आली. 1983 साली पहिला खंड सुधारला गेला तेव्हा फूड प्रोसेसरसारखी तोवर घराघरांत पोचलेली यंत्रं त्यात आली. जुन्या पाकपुस्तकाशी वागायची ही योग्य पद्धत आहे: जे चुकीचं किंवा घातक ठरलं ते बदलावं, जे यंत्राने सोपं झालं ते यंत्रावर सोपवावं. पण मांस टिपून कोरडं करा आणि ते का करा, हे वाक्य जागा वाचवायला कापू नये.

म्हणून श्रॅम्ब्लिंगबाईंच्या सल्ल्याच्या नेमका उलटा सल्ला द्यावासा वाटतो. पुस्तक विकत घ्यावं, फक्त बफ बूर्गिन्योंपासून सुरुवात करू नये. पहिल्या आठवड्यात बटाट्याचं सूप करावं. दुसऱ्या आठवड्यात एक कप दुधाचा पांढरा सॉस, दीड टेबलस्पून मैद्याचा, आणि तो जमला की त्यात चीज किसून घालावं. तिसऱ्या आठवड्यात दाण्यांवर मनगट फिरवून मग ऑम्लेटाला हात घालावा, आणि पहिली दोनचार बिघडली तरी खाऊन टाकावीत. मशरूम कुठल्याही दिवशी चालतील. एवढं झालं की मोकळा रविवार पाहून बफ बूर्गिन्योंची ती लांबलचक पानं उघडावीत. तोवर निम्म्या पायऱ्या ओळखीच्या झालेल्या असतील, आणि मांस थोडं थोडं का परतायचं हे मशरूमनीच आधी शिकवलेलं असेल.